बोथट पाते आणि निसणा

वाचनासाठी : १ शमुवेल १३:१९-२२, उपदेशक १०:१०

शौल राजाच्या काळी इस्राएलाच्या सबंध देशात एकही लोहार नव्हता, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नमूद आहे. इब्र्यांनी तलवारी व भाले घडवू नयेत म्हणून पलिष्ट्यांनी ही काळजी घेतली होती. याचा परिणाम रणांगणापुरताच मर्यादित राहिला नाही. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड अशा नित्याच्या अवजारांना धार लावण्यासाठीही शेतकऱ्याला डोंगर उतरून शत्रूच्या दारी जावे लागे आणि त्याची किंमत मोजावी लागे. ती किंमत मूळ इब्री भाषेत 'पीम' या एका शब्दात सांगितली आहे. हा शब्द बायबलमध्ये अन्यत्र कोठेही येत नाही. त्यामुळे कित्येक शतके त्याचा अर्थ कोणाला लागला नाही, आणि १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तेथे कानशीचा उल्लेख करून वेळ निभावण्यात आली. पुढे विसाव्या शतकात पॅलेस्टाईनमधील उत्खननांत 'पीम' अशी अक्षरे कोरलेली लहान दगडी वजने सापडली. त्यांचे वजन सुमारे ७.६ ते ७.८ ग्रॅम, म्हणजे शेकेलाच्या दोन तृतीयांशाइतके भरते. तेव्हा उलगडा झाला की, पीम हे धार लावण्याचे मोल होते. तेवढ्या वजनाची चांदी शेतकरी मोजत असे.

फाळ घडवणे हे लोहाराचे काम. ते भात्याशिवाय होत नाही. परंतु घरातील सुरीला धार लावण्यास भाता लागत नाही. एक दगड, थोडे पाणी आणि अर्धा तास एवढेच लागते. तरीही आज आपल्या बहुतेक घरांतील सुऱ्या बोथट असतात. गृहिणी टोमॅटो कापण्याऐवजी चिरडते, कांदा रेटून कापते, आणि सुरी निसटली म्हणजे बोट कापून घेते. उपदेशकाने दहाव्या अध्यायात हेच व्यवहारज्ञान सांगितले आहे : हत्यार बोथट झाले व त्याची धार काढली नाही, तर बळ अधिक खर्चावे लागते. बळ आणि धार यांचे हे व्यस्त प्रमाण ज्याच्या हाताला कळले, त्याला या विद्येचा अर्धा भाग कळला. उरलेला अर्धा कसा शिकावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

धार म्हणजे काय?

मराठीत आपण धार 'लावतो' म्हणतो. या शब्दप्रयोगामुळे असे वाटण्याचा संभव आहे की, धार ही बाहेरून पात्याला चिकटवण्याची वस्तू आहे. प्रत्यक्षात घडते ते उलट आहे. धार लावताना पात्यात काहीही भर पडत नाही. पोलाद झिजवून काढून टाकले जाते. पात्याच्या दोन्ही बाजूंना दिलेले उतार जेथे एकमेकांस भेटतात, त्या रेषेला धार म्हणतात. दोन्ही उतार नेमके भेटले तर धार तीक्ष्ण. ते भेटण्यापूर्वीच मध्ये गोलसर कड राहिली तर पाते बोथट.

ही कड किती बारीक असते याची कल्पना यावी म्हणून मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन, हे माप घेऊ. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो. चांगल्या धारेची कड एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असते. हाताचा जोर तेवढाच असला तरी तो जितक्या कमी जागेवर एकवटतो, तितका दाब वाढतो. म्हणूनच तीक्ष्ण सुरी स्वतःच्या भारानेच टोमॅटोच्या सालीत शिरते, आणि बोथट सुरी सालीवरून घसरून बोटावर येते. बोथट सुरी कमी धोक्याची असते हा समज चुकीचा आहे. जोर अधिक लावावा लागत असल्याने ती केव्हा निसटेल याचा नेम राहत नाही. कांदा चिरतानाही तीक्ष्ण पाते कमी पेशी चेचते, त्यामुळे डोळ्यांना झोंबणारा वायू कमी सुटतो.

धार जाते तरी कशाने? कारणे मुख्यतः चार आहेत. रोजच्या वापराने ती झिजते. कठीण पृष्ठभागावर आपटल्याने तिची कड एका बाजूस वळते. हाडावर किंवा गोठलेल्या पदार्थावर सुरी चालवल्यास तिचे बारीक टवके उडतात. आणि लिंबू, चिंच, टोमॅटो यांच्या आंबटपणाने, तसेच ओलसर राहिल्याने, कड गंजते. यांतील दुसरे कारण आपल्या घरांत सर्वाधिक आढळते. स्टीलच्या ताटात, ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या तुकड्यावर भाजी चिरली, तर नुकतीच लावलेली धारही लवकरच जाते. लाकडी पाट वापरणे हा पहिला नियम होय.

दगडाची ओळख

धार लावण्याच्या दगडाला मराठीत 'निसणा' असा जुना शब्द आहे, आणि विळा, कोयता यांना धार लावण्याच्या क्रियेला खेड्यापाड्यांत 'पाजवणे' म्हणतात. दगड पोलादाला झिजवतो याचे कारण त्यातील कण पोलादाहून कठीण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्यासाठी फ्रीडरिश मोस या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये एक ते दहा अशी श्रेणी तयार केली. तीत हिऱ्याला १०, कुरुंदाला ९ आणि गारेला ७ हा क्रमांक आहे. सुरीचे पाणी दिलेले पोलाद साधारण ६ च्या आसपास बसते. वाळूच्या दगडात गारेचेच कण असतात. म्हणून नदीकाठचा वाळूचा दगड किंवा अंगणातील जुनी सहाण यांवरही विळ्याला धार येते.

कुरुंद हा शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. इंग्रजीतील 'कोरंडम' हे या खनिजाचे नाव तमिळमधील 'कुरुंदम्' या शब्दावरून आले आहे. संस्कृतातील 'कुरुविंद' हा त्याचाच सगोत्र. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसन हा अमेरिकन संशोधक चिकणमाती व कोक यांचे मिश्रण विजेने तापवून कृत्रिम हिरा तयार करण्याच्या खटपटीत होता. हिरा निघाला नाही, पण चमकदार, अतिशय कठीण स्फटिक मिळाले. कार्बन व कोरंडम यांच्या संयोगाने ते बनले असावेत, अशा समजुतीने त्याने त्यांना 'कार्बोरंडम' हे नाव दिले. ते स्फटिक वस्तुतः सिलिकॉन कार्बाइडचे होते आणि त्यांचा कठीणपणा कुरुंदाहूनही थोडा अधिक होता. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आपण 'कार्बोरंडमचा दगड' मागतो, तेव्हा दक्षिण भारतातील एक जुना शब्द परदेशी वेषात आपल्याच ओठांवर परत आलेला असतो.

आज बाजारात तीन प्रकारचे दगड मुख्यतः दिसतात. पहिला, सिलिकॉन कार्बाइडचा करडा-काळपट दगड. याची एक बाजू भरड व दुसरी त्यापेक्षा बारीक असते. तो स्वस्त असून गावोगावी मिळतो. दुसरा, जपानी पद्धतीचा पाण्यावर वापरावयाचा दगड. तो बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, म्हणजे कृत्रिम कुरुंदाचा असतो. तिसरा, धातूच्या पट्टीवर हिऱ्याची पूड बसवलेला. यांखेरीज बेल्जियमच्या आर्देन भागातील, अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातील आणि जपानमधील क्योतोजवळील खाणींचे नैसर्गिक दगडही नावाजलेले आहेत. पण नवशिक्याला त्यांची गरज नाही.

दगडावर लिहिलेला आकडा त्यातील कणांचा बारीकपणा सांगतो. आकडा जितका मोठा, तितका कण लहान. जपानी मापाने २०० ते ४०० चा दगड भरड समजला जातो. टवके उडालेल्या किंवा अगदीच मोंड झालेल्या सुरीसाठी तो वापरतात. ८०० ते १२०० चा दगड मध्यम होय. ३००० च्या पुढचे दगड धार गुळगुळीत करण्यासाठी असतात. एकच दगड घ्यावयाचा असेल तर १००० चा घ्यावा. घरगुती सुरीला त्यावर मिळणारी धार पुरेशी असते. तो न मिळाल्यास हार्डवेअरच्या दुकानातील दुहेरी दगडाची बारीक बाजूही चालते.

दगडावर पाणी वापरावे की तेल, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. दोहोंचा हेतू एकच आहे : झिजलेल्या पोलादाची पूड वाहून न्यावी व दगडाची छिद्रे बुजू देऊ नयेत. जपानी दगडावर पाणीच वापरावे. कार्बोरंडमच्या दगडावर पाणी किंवा शिलाई यंत्राचे पातळ तेल चालते. मात्र एकदा तेल मुरलेल्या दगडावर नंतर पाणी नीट पसरत नाही. म्हणून आरंभीच एक ठरवावे. खाण्याचे गोडेतेल घालू नये. ते कालांतराने चिकट होऊन दगड निकामी करते.

तयारी आणि कोन

दगड पाण्यावर वापरण्याचा असल्यास तो दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा. बुडबुडे येणे थांबले की दगड भिजला असे समजावे. काही नव्या प्रकारचे दगड न भिजवता वर पाणी शिंपडूनच वापरायचे असतात. त्यांच्या वेष्टनावर तशी सूचना असते. ओट्यावर ओले फडके पसरून त्यावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. दगडाची उंची कमरेच्या आसपास यावी. जवळ पाण्याचे भांडे व कोरडे फडके असावे. लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे आणि सुरी हातात असताना बोलण्यात रमू नये.

आता कोनाकडे वळू. बहुतेक नवशिक्यांचे काम येथेच बिघडते. सर्वसाधारण घरगुती सुरीचा उतार प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांचा असावा. कठीण पोलादाच्या जपानी सुऱ्यांना १५ अंशांचा उतार देतात. कोनमापक हाती न घेता हा कोन कसा साधावा? त्यासाठी एक सोपे गणित आहे. धारेपासून पाठीपर्यंत पात्याची रुंदी मोजावी. पात्याची पाठ दगडापासून त्या रुंदीच्या एक तृतीयांश उंच धरली, तर कोन जवळजवळ २० अंशांचा होतो. एक चतुर्थांश उंच धरली, तर सुमारे १५ अंशांचा. पाते ४ सेंटिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ सुमारे १.३ सेंटिमीटर, आणि १५ अंशांसाठी १ सेंटिमीटर उचलावी लागेल. तेवढ्या उंचीचा लाकडाचा लहान ठोकळा करून आरंभी त्याला टेकवून पाहावे, म्हणजे हाताला ती उंची ओळखीची होते.

कोन २० अंशांचाच हवा, १९ किंवा २१ चालणार नाही, असे मुळीच नाही. महत्त्व आहे ते एकच कोन सातत्याने राखण्याला. पाते पुढे जाताना १८ अंश व मागे येताना २५ अंश झाले, तर कडेशी गोलाई येते आणि तासभर घासूनही उतार एकमेकांस भेटत नाहीत. यावर एक उत्तम उपाय आहे. जाड मार्कर पेनाने धारेलगतचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवावा आणि चार-पाच वेळा दगडावर पाते फिरवून पाहावे. रंग केवळ वरच्या भागातून गेला असेल, तर पाठ फार खाली धरली आहे. केवळ कडेवरून गेला असेल, तर पाठ फार वर आहे. पूर्ण पट्टी स्वच्छ झाली असेल, तर कोन बरोबर साधला आहे. शिक्षक शेजारी नसताना हा रंगच शिक्षकाचे काम करतो.

प्रत्यक्ष कृती

१. उजव्या हाताने मूठ धरावी व अंगठा किंवा तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवावी. डावखुऱ्या व्यक्तींनी हात उलटे समजावेत.

२. डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्याच्या सपाट भागावर, धारेपासून किंचित मागे टेकवावीत. ज्या भागावर बोटे, त्याच भागावर दगडाचे काम होते.

३. पाते दगडावर थोडे तिरपे ठेवून ठरलेल्या उंचीला पाठ उचलावी. दगडाच्या पूर्ण लांबीवर पाते सावकाश पुढे-मागे न्यावे. दाब एकाच दिशेने द्यावा; परत येताना हात हलका ठेवावा. नवशिक्यांनी पाते ओढताना, म्हणजे धार मागे राहत असताना दाब दिल्यास दगडात पाते रुतत नाही.

४. पात्याचे टोक, मध्य व टाच असे तीन भाग कल्पून एकेका भागावर काम करावे. टोकाजवळ पाते वळते, तेथे कोपर किंचित उचलावे. नाहीतर टोक बोथट राहते.

५. दगडावर काळपट चिखल जमू लागेल. जपानी पद्धतीच्या दगडावरून तो लगेच धुऊन टाकू नये, कारण त्यातील सुटे कणही झिजवण्याचे काम करतात. दगड सुकू लागला की मात्र पाणी शिंपडावे.

किती वेळा घासावे, हा यापुढचा स्वाभाविक प्रश्न. पुष्कळ जण वीस किंवा पन्नास असा आकडा सांगतात. पण आकड्यावर भिस्त ठेवू नये. सुरी किती बोथट आहे, पोलाद किती कठीण आहे आणि दगड किती भरड आहे, यांवर ते अवलंबून असते. काम पूर्ण झाल्याची खूण सुरी स्वतःच देते. ती खूण ओळखणे हेच या विद्येचे मर्म होय.

कडेची खूण

एका बाजूचा उतार झिजत झिजत दुसऱ्या बाजूस जाऊन मिळाला की, अतिशय पातळ झालेले पोलाद दगडाच्या दाबाने दुसऱ्या बाजूस वळते. तेथे एक सूक्ष्म, खरखरीत कड तयार होते. कारखान्यातील कामगार तिला 'बर' म्हणतात. ती सहसा डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला जाणवते. अंगठ्याचे पेर पात्याच्या पाठीकडून धारेकडे आणि धारेच्या बाहेर अलगद न्यावे. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. न घासलेल्या बाजूवर पेर किंचित अडखळले, तर बर आली असे समजावे.

बर टाचेपासून टोकापर्यंत सलग जाणवली पाहिजे. मध्येच एखाद्या जागी ती नसेल, तर तेथे उतार अद्याप भेटलेले नाहीत. तेवढ्याच भागावर पुन्हा काम करावे. सलग बर आल्याखेरीज बाजू बदलू नये, आणि बारीक दगडाकडे तर वळूच नये. पुष्कळ उत्साही लोक महागडे बारीक दगड आणतात, पण सुरी कापत नाही अशी तक्रार करतात. त्याचे कारण बहुधा एवढेच असते की, पहिल्या दगडावर बर येण्यापूर्वीच त्यांनी पुढचा दगड हाती घेतलेला असतो. गोल राहिलेली कड चकचकीत होते, तीक्ष्ण होत नाही.

एका बाजूस बर आली की सुरी उलटून दुसऱ्या बाजूवर तसेच काम करावे, म्हणजे बर पहिल्या बाजूस येते. आता दोन्ही उतार भेटल्याची खात्री झाली. परंतु काम संपलेले नाही. बर तशीच ठेवली तर सुरी त्या दिवशी कागद सपकन कापील आणि दोन दिवसांतच बोथट होईल, कारण ती लोंबती कड मोडून पडते व तिच्या जागी खडबडीतपणा राहतो. म्हणून दाब क्रमाक्रमाने कमी करावा. आधी एका बाजूस पाच-सहा वेळा, मग तीन वेळा, मग एकाआड एक बाजूस एकेकदा, केवळ पात्याच्या भाराने फिरवावे. बारीक दगड असल्यास हीच क्रिया त्यावर करावी. शेवटी जुना चामडी पट्टा सपाट फळीवर ठेवून त्यावर, धार मागे राहील अशा रीतीने, दहा-बारा वेळा पाते ओढावे. पट्टा नसल्यास फळीवर पसरलेले वर्तमानपत्रही चालते.

येथे जोर लागत नाही, लक्ष लागते. धार आणण्यासाठी दगडावर आरंभी दाब द्यावा लागला, ती टिकाऊ करण्यासाठी तो दाब काढून घ्यावा लागतो. घाईने काम करणाऱ्यास पहिली गोष्ट लवकर जमते, दुसरी उशिरा.

विळीचा विचार

आपल्या देशात सुरीपेक्षा जुने व घरोघरचे साधन म्हणजे विळी. कोकणीत तिला आदोळी, बंगालीत बोटी, तेलुगूत कत्तिपीट म्हणतात. तिचे पाते पाटाला पक्के बसवलेले असते; म्हणून येथे पाते दगडावर न नेता दगडच पात्यावर न्यावा लागतो. त्यासाठी हातात मावेल असा लांबट दगड घ्यावा. पाट पायाने घट्ट दाबून धरावा. बोटे दगडाच्या मागच्या पृष्ठभागावर राहतील व कडेबाहेर मुळीच येणार नाहीत, याची काळजी घ्यावी. दगड ठरलेल्या कोनात टेकवून पात्याच्या बाकानुसार खालून वर सावकाश न्यावा. एका बाजूस बर आली की दुसरी बाजू घ्यावी, नियम तोच. विळीचे पाते चिरताना पाटावर किंवा ताटावर आपटत नाही, केवळ भाजीलाच लागते. त्यामुळे तिची धार वळण्याचा संभव कमी असतो. मात्र पाते साध्या लोखंडाचे असेल, तर काम होताच ते कोरडे पुसावे व अधूनमधून तेलाचा हात फिरवावा.

दातेरी सुरीला सपाट दगडावर धार लागत नाही. चिनी मातीसारख्या पांढऱ्या सिरॅमिक पात्यांना हिऱ्याचाच दगड लागतो. त्यांना साध्या दगडावर नेऊ नये.

दारावरचा धारवाला

सायकलीला चाक जोडून गल्लोगल्ली 'धारवाला' अशी आरोळी देणारा माणूस आपल्या परिचयाचा आहे. शस्त्रांना धार व चकाकी देणाऱ्यांना पूर्वी शिकलगार म्हणत. त्यांची कला मोठी, आणि ज्याच्या हातात ती आहे त्याला योग्य मोबदला आनंदाने द्यावा. परंतु कोरड्या चाकावर घाईने धार लावण्यात एक दोष संभवतो. पातळ कड क्षणात तापते. पोलाद ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापले की त्यावर निळा रंग चढतो. असा निळा डाग धारेशी दिसला, तर तेथील पाणी उतरले, म्हणजे पोलाद मऊ झाले, असे समजावे. तेवढा भाग झिजवून टाकीपर्यंत तेथे धार टिकत नाही. जाणता कारागीर पाते पुनःपुन्हा पाण्यात बुडवतो व हलका हात ठेवतो. असा कारागीर भेटल्यास त्याच्याजवळ उभे राहून त्याचा हात पाहावा. पुष्कळ शिकावयास मिळेल. ओल्या निसण्यावर हाताने धार लावताना मात्र ही भीती नाही, कारण तेथे पाते तापतच नाही.

दगडाची निगा आणि धारेची परीक्षा

दगडही झिजतो आणि मध्यभागी खोलगट होतो. खोलगट दगडावर कोन राखता येत नाही. म्हणून अधूनमधून तो सपाट करावा. जाड काचेच्या तुकड्यावर किंवा गुळगुळीत फरशीवर रंगाऱ्याचा भरड वॉटर पेपर ओला करून पसरावा. दगडावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा ओढून तो त्यावर घासावा. सर्व रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. नंतर तो धुऊन सावलीत वाळवावा.

धारेची परीक्षा बोटावर घेऊ नये. वर्तमानपत्राचा कागद एका हाती धरून त्याच्या कडेवरून सुरी खाली ओढावी. ती न अडखळता कापत गेली तर धार उत्तम. एखाद्या ठिकाणी फाटल्यासारखे झाले, तर त्याच ठिकाणी बर राहिली आहे किंवा उतार भेटलेले नाहीत. दुसरी परीक्षा पिकलेल्या टोमॅटोची. जोर न देता पाते सालीत शिरले पाहिजे. परीक्षा झाली की सुरी साबणाने धुऊन पुसावी, म्हणजे पोलादाची पूड अन्नात जाणार नाही. घरातील इतरांना सुरीस धार लावल्याचे आवर्जून सांगावे. बोथट सुरीवर जोर देण्याची सवय झालेला हात पहिल्या दिवशी फसतो.

साधारण घरात दोन-तीन महिन्यांतून एकदा दगडावर धार लावणे पुरते. अधल्यामधल्या काळात आठवड्यातून एकदा चामडी पट्ट्यावर पाते ओढले, तर दगडाची वेळ लांबते. पहिल्या प्रयत्नासाठी घरातील सर्वांत स्वस्त सुरी घ्यावी आणि एका बैठकीत एकच सुरी करावी.

समारोप

पलिष्ट्यांच्या दारी पीम मोजणारा शेतकरी केवळ चांदी गमावत नव्हता. पेरणी कधी, कापणी कधी, हे ठरवण्याचे त्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या मर्जीवर टांगले गेले होते. आपल्यावर तसा कोणाचा जुलूम नाही. तरीही बोथट सुरीची किंमत आपल्या घरात रोज कोणीतरी मोजत असते, आणि बहुधा ती मोजणारी व्यक्ती तक्रार करीत नाही. मनगट दुखते, वेळ जातो, बोट कापते. आणि याला स्वयंपाकाचा भागच समजले जाते. ज्या घरातील पुरुषांनी व तरुणांनी आजवर सुरी केवळ फळ कापण्यापुरती हाती घेतली असेल, त्यांनी हे काम आपल्याकडे घेतल्यास त्या घरातील स्त्रीच्या हातांचे कष्ट प्रत्यक्ष कमी होतील. सेवेच्या मोठ्या गोष्टी बोलण्यापूर्वी शनिवारी सायंकाळी अर्धा तास निसण्यापाशी घालवणे कोणालाही शक्य आहे.

अभ्यासासाठी प्रश्न व कृती

१. 'धार लावणे' या क्रियेत प्रत्यक्ष काय घडते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. बर म्हणजे काय? ती सलग आली नसताना बारीक दगड वापरल्यास काय होते?

३. घरातील एका सुरीच्या पात्याची रुंदी मोजा आणि २० अंशांच्या कोनासाठी तिची पाठ किती उचलावी लागेल, ते काढा.

४. १ शमुवेल १३:१९-२२ वाचा. अवजारांना धार लावण्यासाठी परक्यावर अवलंबून राहिल्याने त्या लोकांच्या जीवनावर कोणकोणते परिणाम झाले असतील, यावर कुटुंबात चर्चा करा.

५. उपदेशक १०:१० मधील बळ व शहाणपण यांचा संबंध निसण्यावरील अनुभवाशी ताडून पाहा.

६. या आठवड्यात एका सुरीला धार लावा आणि कागदाची परीक्षा घ्या. जेथे कागद फाटला, ती जागा सुरीवर शोधून तेवढेच काम पुन्हा करा.